सिकलसेल अपंगत्वात कसा आला, कुठे अडला

"ताई, पोराचे हातपाय तर धड आहेत, मग हा अपंग कसा?" वस्तीत सिकलसेलच्या घरी अपंगत्वाच्या दाखल्याचा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो. आई विचारते, आजी विचारते, आणि कधीकधी दाखल्याच्या खिडकीमागचा बाबूही विचारतो. आई-आजीचे आम्ही समजू शकतो. बाबूला मात्र उत्तर ठाऊक असायला हवे, कारण ते कायद्यातच लिहिलेले आहे.

विदर्भातल्या आदिवासी पाड्यांना आणि आपल्या वस्त्यांना हा आजार नवा नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग सांधे, पाठ, छाती अशी दुखते की पोर गडाबडा लोळते. झटका ओसरला की तेच पोर गल्लीत खेळताना दिसते, म्हणून मास्तर म्हणतात, "नाटक करतो." शाळा बुडते, पेपर बुडतो, मोठेपणी रोजी बुडते. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

जुन्या कायद्यालाही दिसत नव्हते. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते. अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, ऐकू न येणे, हालचालीचे अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. सिकलसेलचे नाव त्यात नव्हते.

मग १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला. त्यातला विचार साधा, पण मोठा आहे. शरीरात किंवा मनात दीर्घकाळची उणीव असते आणि समोर अडथळे असतात. दोघांची गाठ पडली की माणूस बरोबरीने जगू शकत नाही, ते अपंगत्व. म्हणजे अर्धे अपंगत्व माणसाच्या बाहेर असते. पायऱ्यांत असते, परीक्षेच्या नियमात असते, मास्तरांच्या त्या एका वाक्यात असते. बाहेरचा अडथळा माणसाला कसा अडवतो हे आपल्या लोकांना काही शिकवावे लागत नाही.

भारताने ३० मार्च २००७ रोजी या करारावर सही केली आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता देऊन स्वतःला बांधून घेतले. इथे एक गैरसमज काढून टाकू. काही देशांत असा करार मान्य केला की तोच तिथला कायदा होतो. आपल्याकडे तसे नाही. राज्यघटनेच्या कलम ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय करारांचा आदर राखायला सांगितले आहे आणि कलम २५३ ने करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. संसद कायदा करत नाही तोवर खिडकीवर करार दाखवून दाखला मिळत नाही. कलम ४१ मध्ये आजारपणात आणि अपंगत्वात सरकारी मदतीचा उल्लेख पहिल्यापासून आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व. तेवढ्यावर कोर्टात हक्क मागता येत नाही.

संसदेला हा कायदा करायला नऊ वर्षे लागली. डिसेंबर २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. (दिव्यांग हा शब्द आम्हाला रुचत नाही. अंगात दिव्य काही नसते, दुखणे असते. पण अर्जावर तोच शब्द आहे.) कराराची व्याख्या या कायद्यात आली आणि सातांचे २१ प्रकार झाले. करारात आजारांची यादी नाही, यादी आपल्या संसदेने केली. त्यात रक्ताचे तीन आजार आहेत: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल.

इथवर चांगले झाले. आता पुढचे पान उलटा. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाचे कलम ३४ वाचले, तर त्यात दृष्टीचे, श्रवणाचे, हालचालीचे, बौद्धिक आणि मानसिक अपंगत्व आहे, रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे एकाच कायद्यात व्याख्येपुरता तुमचा मुलगा अपंग आहे, पण नोकरीच्या दारात नाही. कराराने रोजगारात असा भेद करायला कुठेही सांगितलेले नाही. हे कलम बदलायला हवे आणि ते संसदच बदलू शकते. खासदार मत मागायला येतील तेव्हा नळ-गटारासोबत हेही विचारा.

शिक्षणाचे दार मात्र उघडे आहे. कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी आहेत आणि त्यात सिकलसेल येतो. अडचण त्या ४० टक्क्यांची. तपासणीच्या दिवशी पोर बरे असते, डॉक्टर समोर पाहतो ते लिहितो. म्हणून प्रत्येक भरतीचे डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याची नोंद, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा आणि ती पिशवी घेऊनच जा. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर चिठ्ठ्याही ठेवा. नुसती सोल्युबिलिटी टेस्ट पुरत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा रिपोर्ट लागतो. एएस म्हणजे वाहक असणे हे अपंगत्व नव्हे, त्यावर दाखला मिळत नाही. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून लग्न जुळवताना कुंडलीऐवजी हा रिपोर्ट पाहा.

दाखल्यावर ४० च्या खाली आकडा आला तरी सगळे संपत नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिक देण्यासाठी ४० टक्क्यांची अट धरता येणार नाही असा निकाल दिला. त्याच्या दाखल्यावर फक्त ६ टक्के होते. न्यायालयाने या निकालात कराराचाच आधार घेतला. माणसाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे हे उपकार नाहीत, कर्तव्य आहे. झटक्यातून नुकत्याच उठलेल्या मुलीसाठी लेखनिक किंवा जादा वेळ मागताना हा निकाल मुख्याध्यापकांसमोर ठेवा.

यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. पांढरे कार्ड ४० टक्क्यांखाली, पिवळे ४० ते ८० च्या आत, निळे ८० आणि वर. सिकलसेल तपासणीत मिळालेले कार्ड वेगळे, ते दाखवून अपंगत्वाचे लाभ मिळत नाहीत. दाखला नाकारला तर "नाही म्हणाले" एवढ्यावर घरी येऊ नका. कारण लेखी मागा, ते द्यावेच लागते. कलम ५९ खाली अपील आहे. शाळा-कॉलेज किंवा कार्यालय अडवत असेल तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे जाण्याची सोय करारासोबतच्या वेगळ्या जोडकरारात आहे, पण त्यावर भारताने सही केलेली नाही. तेव्हा अर्ज पुण्यालाच पाठवा, रजिस्टर पोस्टाने, आणि पावती त्याच पिशवीत ठेवा.