नळी तोंडात असताना दात कोण घासणार?

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर थांबलेल्या नातेवाइकांच्या हाती आतून प्रथम जे येते, ते बहुधा एक लहानसे पाकीट असते. त्यात चष्मा, बांगड्या आणि कवळी असते. श्वासनळीत नळी घालताना कवळी काढून घ्यावीच लागते. ती रुमालात गुंडाळली जाऊन पिशवीच्या तळाशी जाते आणि त्यानंतर कित्येक दिवस रुग्णाच्या तोंडाचा विषय कोणी काढत नाही. विचारपूस होते ती ऑक्सिजनची, रक्तदाबाची, मूत्रपिंडांची. ते स्वाभाविकही आहे. मात्र व्हेंटिलेटरवरील रुग्णाचा मुक्काम लांबवणारा न्यूमोनिया पुष्कळदा तोंडातूनच खाली उतरतो, हे घरच्यांना क्वचितच सांगितले जाते.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती दात धुते, जंतूंना आवर घालते आणि नकळत गिळली जाते. नळी घातलेल्या रुग्णाचे तोंड सतत उघडे राहते, चघळणे थांबते, काही औषधांनी लाळ आटते. गुंगीच्या औषधांमुळे गिळण्याची आणि खोकण्याची क्रियाही मंदावते. दातांवर चिकट थर जमू लागतो आणि दोन-चार दिवसांतच त्यात रुग्णालयातील चिवट जंतू वस्तीला येतात.

आता नळीची रचना पाहू. तिच्या खालच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. तो श्वासनळीत फुगवला की हवा बाहेर निसटत नाही. परंतु हा फुगा म्हणजे बाटलीचे घट्ट बूच नव्हे. तो फार फुगवला तर श्वासनळीच्या अस्तराला इजा होते, म्हणून त्यातील दाब मर्यादितच ठेवावा लागतो. तोंडातील दूषित लाळ फुग्यावर साचते आणि त्याच्या सुरकुत्यांमधून थेंबाथेंबाने फुप्फुसाकडे झिरपते. नळी घातल्यानंतर 48 तास उलटून गेल्यावर उद्भवणाऱ्या न्यूमोनियाला ‘व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनिया’ म्हणतात, आणि हे झिरपणे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

यावर अनेक वर्षे एक सोपा उपाय प्रचलित होता. क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकात बुडवलेला बोळा तोंडातून फिरवायचा. जंतू मारणारे औषध म्हटल्यावर लाभ होणारच, असे कोणालाही वाटेल. परंतु 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधन-आढाव्यांनी या समजुतीला धक्का दिला. हृदयशस्त्रक्रियेचे रुग्ण वगळता इतरांना त्याचा स्पष्ट फायदा दिसेना, उलट मृत्यूंचे प्रमाण किंचित वाढत असावे अशी शंका पुढे आली. 2022 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी मग दात घासण्याची शिफारस केली, आणि तीही क्लोरहेक्झिडीनविना. पुढे डिसेंबर 2023 मध्ये बोस्टनमधील संशोधकांनी 15 चाचण्यांचा एकत्रित आढावा मांडला. रोज ब्रशने दात घासलेल्या रुग्णांत रुग्णालयात जडणारा न्यूमोनिया सुमारे एक-तृतीयांशाने कमी होता, अतिदक्षता विभागातील मृत्यूही कमी होते. हा लाभ प्रामुख्याने व्हेंटिलेटरवरील रुग्णांत दिसला. दिवसातून दोनदा घासणे पुरेसे ठरले. तीनदा वा अधिक वेळा घासून वेगळा फायदा आढळला नाही. ब्रश केला म्हणजे न्यूमोनिया होणारच नाही, असा याचा अर्थ नव्हे. तरी लाखोंच्या यंत्रांच्या गर्दीत किराणा दुकानातल्या ब्रशचे हे मोल विलक्षण वाटते.

चिकट थर बोळ्याने पुसला जात नाही, तो घासूनच काढावा लागतो. परिचारिका रुग्णाच्या पलंगाची डोक्याकडील बाजू 30 ते 45 अंश उचलतात, फुग्यातील दाब तपासतात, साचलेली लाळ सक्शनने ओढून घेतात. मग लहान डोक्याच्या मऊ ब्रशने दात, हिरड्या आणि जीभ हलक्या हाताने घासतात व सुटलेली घाण लगोलग ओढून काढतात. ओठाच्या एकाच कोपऱ्यावर नळी दाबत राहिली तर तेथे जखम होते, म्हणून तिची जागाही अधूनमधून बदलली जाते. नळी किंचितही सरकली तरी जिवावर बेतू शकते. त्यामुळे हे काम प्रशिक्षित हातांचेच. नातेवाइकांनी ते स्वतः करू नये.

घरच्यांना करण्याजोगे मात्र बरेच आहे. हलणारा दात, बसवलेली कॅप, तोंडातील जुना व्रण, रक्त पातळ करणारी गोळी यांची माहिती पहिल्याच दिवशी द्यावी. रक्तस्राव सहज होणाऱ्या रुग्णात ब्रश वापरायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतात. भेटीच्या वेळी सिस्टरांना शांतपणे विचारावे, “बाबांचे दात आज ब्रशने घासले का? मऊ ब्रश आणून देऊ का?” असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ओठ फुटलेले दिसले तर सांगावे. घरून आणलेले ग्लिसरीन किंवा तूप परस्पर लावू नये. लिंबू-ग्लिसरीनच्या बोळ्याने तर तोंड अधिकच कोरडे पडते.

एक नाजूक गोष्ट लिहायला हवी. आजारी माणसाच्या मुखी तीर्थाचे दोन थेंब घालावेत, तुळशीचे पान ठेवावे, अशी इच्छा अनेकांना होते. तिच्यामागची माया खरी असते. पण गिळू न शकणाऱ्या रुग्णाच्या तोंडातील ते थेंब फुग्यावरच जाऊन साचतात. तीर्थाचे बोट कपाळाला लावावे, तुळस उशाशी ठेवता येईल का ते विचारावे.

नळी निघाल्यावर रुग्ण पहिल्यांदा पाणी मागतो. घसा बसलेला, जीभ कोरडी, आणि समोर पेला! त्या क्षणी नाही म्हणणे फार जड जाते. परंतु काही दिवस नळी राहिल्यावर गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते, म्हणून तपासणी होईपर्यंत घोटभरही पाणी देऊ नये. जिभेवर पांढरे चट्टे दिसल्यास डॉक्टरांना दाखवावेत. पिशवीच्या तळाची ती कवळीही आता आठवावी. रुमालात सुकल्यास तिचा आकार बिघडतो. ती नाव लिहिलेल्या डबीत, पाण्यात ठेवायला हवी. बऱ्याच दिवसांनी ती सैल वाटली, टोचू लागली तर बळेच न घालता दंतवैद्यांकडे न्यावी.

घरी आल्यावरही ही काळजी संपत नाही. पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला व्हेंटिलेटर नसतो, पण तोंडातील जंतू फुप्फुसात उतरण्याची वाट तीच असते. जपानमधील 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षे झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जेवणानंतर नियमित मुखस्वच्छता केलेल्यांपैकी 11 टक्के वृद्धांना न्यूमोनिया झाला, इतरांपैकी 19 टक्क्यांना. “आईला आता एकही दात नाही, घासायचे काय?” असे काळजीवाहक नेहमी विचारतात. त्या अभ्यासात दात नसलेल्यांनाही लाभ झाला होता. आईला टेकून बसवावे, मान किंचित पुढे झुकवावी आणि ओल्या मऊ ब्रशने तिच्या हिरड्या, जीभ व गालांची आतली बाजू सावकाश पुसून घ्यावी. त्यानंतर लगेच तिला आडवे करू नये.