पत्रांचं पान

सकाळी सहा

बारीक टाइपाची पानं मी पहाटे घेते, नजर ताजी असते म्हणून. माझं पोट मराठी प्रकाशकांच्या प्रुफांवर चालतं, पण आठवड्यातले काही दिवस मी एका मुक्त डिजिटल ग्रंथालयाच्या कामासाठी राखून ठेवलेत. स्वामित्वहक्क संपलेली जुनी नियतकालिकं तिथे स्कॅन होतात, यंत्र त्यातला मजकूर वाचतं, आणि यंत्राने वाचलेलं मूळ पानाशी ताडून पाहायचं काम आमच्यासारख्या मुद्रितशोधकांकडे येतं.

सध्या हातात आहे ‘द फॅन्टसी फॅन’. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावातून सप्टेंबर १९३३ ते फेब्रुवारी १९३५ या काळात निघालेलं मासिक. एकूण १८ अंक, किंमत दहा सेंट. संपादक चार्ल्स हॉर्निग पहिला अंक निघाला तेव्हा १७ वर्षांचा होता. तो अंक त्याने प्रकाशक ह्यूगो गर्न्सबॅककडे पाठवला आणि गर्न्सबॅकने या पोराला थेट ‘वंडर स्टोरीज’ या धंदेवाईक मासिकाचा व्यवस्थापकीय संपादक नेमलं. दिवसा ते काम, उरलेल्या वेळात हे मासिक.

अंकात कथा आहेत, कविता आहेत, एच. पी. लव्हक्राफ्टचा भयकथांवरचा दीर्घ निबंध क्रमशः चालू आहे. रॉबर्ट ई. हॉवर्डचीही एक कथा येऊन गेली आहे. तरी फाइल उघडली की मी आधी वाचकांच्या पत्रांकडे जाते. ‘अवर रीडर्स से’ हे पत्रांचं सदर, आणि त्याच्या जोडीला ‘द बॉइलिंग पॉइंट’ म्हणजे भांडणासाठी मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा.

साडेसात

आजची पानं ‘बॉइलिंग पॉइंट’चीच आहेत. हे प्रकरण सुरू झालं ते फॉरेस्ट जे. ॲकरमन या लॉस एंजेलिसशी पुढे कायमचं नाव जोडल्या गेलेल्या मुलाच्या पत्राने. त्याचं वय तेव्हा १६. क्लार्क ॲश्टन स्मिथची मंगळावरच्या गुहेतली एक भीषण कथा ‘वंडर स्टोरीज’च्या मार्च १९३३ च्या अंकात आली होती. विज्ञानकथांच्या मासिकात असली निव्वळ भयकथा का छापता, असा ॲकरमनचा आक्षेप, आणि तो त्याने अजिबात हातचं न राखता लिहिला. स्मिथ म्हणजे कोणी नवखा नव्हे, चाळिशीचा, कवी म्हणून नाव असलेला माणूस.

मग उत्तरं येऊ लागली. लव्हक्राफ्ट धावून आला, वय ४३. त्याच्या बाजूने फ्लोरिडातून रॉबर्ट बार्लो, वय १५. कोणाचं वय पानावर छापलेलं नाही. जन्मसालं ताडून मी माझ्या वहीत लिहून ठेवली आहेत, कारण त्याशिवाय या पानाची खरी गंमत हाती लागत नाही. एकाच स्तंभात, एकाच आकाराच्या टाइपात, पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्रेचाळीस वर्षांचा लेखक शेजारी शेजारी उभे आहेत. कोणाच्या मताला चौकट नाही, कोणाचं नाव ठळक नाही.

लव्हक्राफ्टचं पत्र झोंबणारं आहे, ॲकरमनला त्याने चांगलंच सुनावलंय. खुद्द स्मिथ मात्र संयमाने बोलतो. मला स्मिथचं वागणं जास्त भावतं. त्याच्या कथेचा शेवट मासिकाने परस्पर बदलला होता, त्या जखमेवर ॲकरमनचं पत्र म्हणजे मीठच. तरी मुलाचा मुद्दा मुद्दा म्हणून घेऊन तो उत्तर देतो.

दहा

नाश्ता, कपडे वाळत घालणं, आणि एका दिवाळी अंकाच्या संपादकांना “उद्या देते” असा निरोप.

सव्वादहा

यंत्राने एका शब्दात ‘एन’च्या जागी ‘यू’ वाचलाय. मूळ पान मोठं करून पाहिलं तर खरोखरच ‘यू’ दिसतो. आमच्याकडे दुसरी फेरी पाहणारे एक निवृत्त कंपोझिटर आहेत, उभं आयुष्य खिळे जुळवण्यात गेलेले. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. पानाचा तुकडा पाठवून फोन केला.

“अण्णा, हा ‘यू’ तसाच ठेवू का?”

“अगं, तो ‘यू’ नाहीच. नीट बघ, त्याच्या पायाच्या रेघा वर गेल्यात. खाली असायला हव्यात तिथे नाहीत ना? ‘एन’चा खिळा उलटा बसलाय. हाताने जुळवणी केली की असं होतं.”

“मग दुरुस्त करू?”

“कंपोझिटरची चूक दुरुस्त कर. पत्र लिहिणाऱ्याची चूक असेल तर हात लावू नकोस. ते पोर जसं लिहून गेलंय तसंच राहू दे.”

या कामातला सगळ्यात अवघड निवाडा हाच आहे. उलटा खिळा ओळखता येतो. पण एखाद्या शब्दाचं स्पेलिंग चुकलंय ते छापखान्यात की लिहिणाऱ्याच्या टेबलावर, हे कसं ठरवायचं? मी त्याच लेखकाची आधीची पत्रं काढते. तीच चूक पुन्हा दिसली तर ती त्याची, आणि ती जागची हलवायची नाही.

बारा

पत्रांच्या खाली येणारी नावं यादीत चढवते आहे. या मासिकाला वाचक आणि लेखक मिळाले ते मुळात पत्रांमुळे, हे या यादीकडे बघताना लक्षात येतं. गर्न्सबॅकने एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ काढलं आणि पुढे त्यात पत्रव्यवहाराचं सदर सुरू केलं, तेव्हा पत्राखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता छापला जाई. तेवढ्याने मोठं काम झालं. आपल्यासारखं वेड असलेला दुसरा माणूस कुठल्या रस्त्यावर, कितव्या घरात राहतो हे लोकांना कळलं. मग संपादकाला वगळून त्यांनी एकमेकांनाच लिहायला सुरुवात केली. त्यातून मंडळं उभी राहिली आणि मंडळांतून हौशी अंक. मे १९३० मध्ये शिकागोच्या सायन्स करस्पॉन्डन्स क्लबने ‘द कॉमेट’ काढलं. असल्या अंकांत ते पहिलं मानतात. त्याचा संपादक रेमंड पामर पुढे १९३८ मध्ये खुद्द ‘अमेझिंग’चाच संपादक झाला. क्लीव्हलंडच्या जेरी सीगलनेही १९३२ मध्ये स्वतःचा अंक सुरू केला होता. पुढे सुपरमॅन निर्माण करणाऱ्या जोडीतला हाच सीगल.

दुपारी अडीच

दुपारच्या सत्रात डोळ्यांना त्रास जास्त, कारण आता छापील पानं संपली आणि सायक्लोस्टाइलची सुरू झाली. आपल्याकडे १९५०च्या दशकात ‘शब्द’सारखं लघुनियतकालिक ज्या तंत्राने निघायचं तेच हे. टाइपरायटरने मेणकागद कापायचा, तो शाईच्या रुळावर चढवायचा आणि दांडा फिरवून प्रती काढायच्या. ‘ओ’ आणि ‘ई’ यांची पोटं मेणकागदातून गळून पडतात, तिथे शाईचा भरीव ठिपका उमटतो. यंत्र अशा ठिकाणी काहीच्या काही वाचतं.

हा अंक ‘व्हॉइस ऑफ द इमॅजिनेशन’चा. लॉस एंजेलिसहून १९३९ ते १९४७ निघालेला हा अंक म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचकांची पत्रं. काढणारे दोघं: मर्टल डग्लस, जिला सगळे मोरोजो म्हणत, आणि तिच्यासोबत तोच तो फॉरेस्ट ॲकरमन. सोळाव्या वर्षी ज्याला पत्राबद्दल बोलणी खावी लागली, त्याने सहा वर्षांत फक्त पत्रांचा अंक काढला. यात मला फार मोठी गोष्ट दिसते. तो दुखावून गप्प बसला नाही, आणि दुसऱ्यांना गप्प बसवायच्या मागेही लागला नाही.

महायुद्ध सुरू झाल्यावर याच अंकात सैन्यात गेलेल्या वाचकांची पत्रं येऊ लागतात. छावणीत बसून माणसं मागच्या अंकातल्या कोणाच्या तरी मताला उत्तर देताहेत.

मुद्रितशोधकासाठी मात्र ॲकरमन म्हणजे परीक्षा. तो उच्चाराप्रमाणे स्पेलिंग करायचा, अक्षरं गाळायचा, एस्पेरांतो या कृत्रिम भाषेची भर घालायचा. मोरोजो हे नावही तिच्या आद्याक्षरांच्या एस्पेरांतो उच्चारांतून जुळवलेलं. इथे अण्णांचा नियम डोळे मिटून पाळायचा: दिसेल तसं उतरवायचं.

साडेचार

चहा घेता घेता वहीत एक जुनी नोंद सापडली आणि सकाळचं भांडण वेगळं दिसायला लागलं. सप्टेंबर १९१३ मध्ये ‘आर्गोसी’ या लोकप्रिय मासिकात एका तेवीस वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं होतं. फ्रेड जॅक्सन नावाच्या लेखकाच्या प्रेमकथा किती टाकाऊ आहेत, असा त्याचा सूर. त्यावर वाचक तुटून पडले, जॉन रसेल नावाच्या एकाने पद्यात उत्तर दिलं, यानेही पद्यातच परतफेड केली, आणि ते महिनोन्‌महिने चाललं. हौशी पत्रकारांच्या एका संघटनेचे एडवर्ड डास यांनी ते वाचून या तरुणाला १९१४ मध्ये संघटनेत बोलावलं. घरात कोंडून घेतलेला तो माणूस तिथून लिहिता झाला, जगाशी बोलता झाला.

तो वाचक म्हणजे लव्हक्राफ्ट. वीस वर्षांनी ॲकरमनला फटकारताना त्याला स्वतःचं ते पत्र आठवलं असेल का, हे माझ्या समोरच्या पानांवर कुठेही नाही. पण ही दोन भांडणं एकत्र वाचायला मिळाली तर कोणीही ‘बॉइलिंग पॉइंट’ला पोरकट हमरीतुमरी म्हणून बाजूला टाकणार नाही.

सहा

आमच्या सूचीत कथेला, कवितेला, निबंधाला स्वतंत्र नोंद मिळते. पत्रांची सगळी पानं मात्र ‘वाचकांची पत्रं’ या एकाच ओळीत जातात. म्हणजे पुढच्या अभ्यासकाने बार्लोचं नाव शोधलं तर कथा सापडतील आणि पंधराव्या वर्षी त्याने लव्हक्राफ्टच्या खांद्याला खांदा लावून लिहिलेलं पत्र सापडणार नाही. हे मला मान्य नाही. सूची पाहणाऱ्या समन्वयक बाईंना सविस्तर मेल लिहिली: प्रत्येक पत्राला वेगळी नोंद द्या, लिहिणाऱ्याचं नाव, अंक, पान, आणि कोणत्या पत्राला वा कथेला उत्तर आहे तेही. नमुना म्हणून सकाळच्या सदराच्या नोंदी जोडल्या.

रात्री नऊ

बाईंचं उत्तर आलं. “सप्टेंबर १९३३ ते फेब्रुवारी १९३४ एवढे सहा अंक करून दाखवा, मग ठरवू. रस्त्यांचे पत्ते मात्र सूचीत नकोत, फक्त गाव.” बरोबर बोलल्या. ‘बॉइलिंग पॉइंट’ही फेब्रुवारी १९३४ पर्यंतच चाललं, तेव्हा सगळं भांडण या सहा अंकांत बसतं. अण्णांना तसं कळवलं आणि ऑक्टोबरच्या अंकाचं पत्रांचं पान उतरवून घेतलं.