पाया खणण्याआधी पांढर पाहावी
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आपल्या वऱ्हाडात गावाची जमीन दोन नावांनी ओळखतात. पेरायची ती काळी आणि राहायची ती पांढरी. माणसे शेकडो वर्षे एका जागी राहिली, की चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, फुटकी मडकी हे सारे एकावर एक साचत जाते. मग भोवतालच्या काळ्या रानात तेवढीच जागा उंच, भुसभुशीत आणि पांढुरकी दिसू लागते. गाव उठून गेले तरी पांढर मागे राहते. धाब्याच्या घरावर घालायला किंवा शेतात टाकायला लोक तिथली माती गाडीने आणत. माझ्या लहानपणी आमच्या घरावरही तीच माती होती.

एकदा अशी माती भरताना भाजलेल्या मातीचे एक मोठे कडे निघाले. फावड्याचा घाव बसून ते फुटले आणि तुकडे बांधावर पडले. त्याच मातीत मला एक लाल मणी सापडला. तो मी कंपासपेटीत ठेवला, वर्गात मिरवला, पुढे तो कुठे गेला ते आठवत नाही. पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः इतिहास शिकवू लागलो तेव्हा, त्या दिवशी नेमके काय बिघडले ते मला कळले. मणी हरवला हे नुकसान लहानच. तो किती खोलीवर, कोणत्या थरात, कशाशेजारी होता हे कोणीच पाहिले नाही, हे नुकसान मोठे. आज त्या पांढरीच्या जागी सपाट शेत आहे, त्यामुळे ते आता कोणालाच पाहता येणार नाही.

हे आज सांगण्याचे कारण आमच्या शेगावच्या जवळच आहे. शेगावहून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या काठी भोन नावाचे गाव आहे. शेगावला दर्शनाला येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी हे नाव ऐकलेले असेल. तिथल्या पांढरीवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. भास्कर देवतारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केले. तेव्हा पक्क्या विटांचा एक बौद्ध स्तूप उजेडात आला. उत्खनन करणाऱ्यांनी त्याचा काळ मौर्यांपर्यंत, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापर्यंत मागे नेला. सातवाहनांच्या काळातही तिथे मोठी वस्ती नांदत होती.

आणि तिथे कडी निघाली! मातीची भाजलेली गोल कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी. अभ्यासक त्यांना वलयकूप म्हणतात. अशा विहिरी भोनला एकदोन नव्हे, मोठ्या संख्येने सापडल्या. शिवाय शेतीला पाणी नेण्यासाठी खोदलेल्या एका प्राचीन कालव्याच्या खुणा मिळाल्या. त्या अहवालातली चित्रे पाहताना मला आमच्या बांधावरचे ते फुटके तुकडे आठवले. आम्ही काय फोडले होते, ते मला तेव्हा समजले.

आता दुसरी बाजू पाहू. याच पूर्णेवर, नांदुरा तालुक्यात जिगाव येथे मोठे धरण बांधण्याचा प्रकल्प १९९० च्या दशकात हाती घेतला गेला. त्याच्या बुडीत क्षेत्रात तीसहून अधिक गावे येतात, आणि भोनचा हा प्राचीन ठेवाही येतो. सिंचनासाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाच्या पाण्याखाली दोन हजार वर्षांपूर्वीचा सिंचनाचा कालवा जाणार, अशी ही गोष्ट आहे.

असे म्हटले की लोकांना वाटते, हा गृहस्थ धरणाच्या विरोधात बोलतो आहे. तसे नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तिथे विहीर खोदावी तर पाणी खारे लागते. ते धड पिता येत नाही आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते. पाऊस रुसला की कपाशी, तूर, सोयाबीन सगळेच हातचे जाते. या भागाला गोड्या पाण्याची गरज नाही असे कोण म्हणेल? बुडीत क्षेत्रातल्या एका शेतकऱ्याशी मी स्तुपाविषयी बोलत होतो. तो शांतपणे म्हणाला, “गुरुजी, आमचं जितं गावच उठून रायलं, अन् तुमी मेल्या गावाच्या इटा मोजून रायले!”

मला लगेच उत्तर सुचले नाही. घर, शेत, देऊळ, आईबापांची समाधी सोडून जाणाऱ्या माणसाला इतिहासाचे महत्त्व पटवायला जाणे हा उद्धटपणाच. पण परतताना वाटले, की त्याचे दुःख आणि माझी काळजी एकाच जातीची आहे. आपण इथे राहत होतो, याची नोंद कोठे तरी राहावी, एवढेच दोघांना हवे आहे. त्याच्या गावाची पांढर आणि भोनची पांढर यांत फरक फक्त वयाचा आहे.

मग प्रश्न असा, की धरणही व्हावे आणि नोंदही राहावी, हे जमते का? जमते. आपल्याच देशात जमले आहे. कृष्णेवर नागार्जुनसागर धरण बांधायचे ठरले तेव्हा नागार्जुनकोंड्याचे खोरे बुडणार होते. ही इक्ष्वाकू राजांची राजधानी, स्तूप-विहारांनी भरलेली. पाणी येण्याआधी, १९५४ ते १९६० अशी सहा वर्षे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खनन केले. निवडक वास्तू उचलून वरच्या टेकडीवर पुन्हा उभारल्या. ती टेकडी आज जलाशयातले बेट आहे आणि तिथे संग्रहालय आहे.

इजिप्तमध्ये नाईल नदीवर आस्वानचे उंच धरण झाले, तेव्हा अबू सिंबेलची देवळे १९६४ ते १९६८ या काळात कापून सुमारे पासष्ट मीटर उंचावर नेली. त्या मोहिमेसाठी जगभरातून पथके गेली होती. आपल्या देशाचेही पथक १९६२ साली ब. बा. लाल यांच्या नेतृत्वाखाली तिकडे उत्खननाला गेले होते. म्हणजे पाणी भरण्याआधी काय करायचे, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

उलट उदाहरणही दूरचे नाही. उजनी धरणात पळसदेवचे प्राचीन मंदिर बुडाले. जलाशय आटला की ते वर येते, लोक होड्यांतून पाहायला जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात. देऊळ दगडी आहे, म्हणून काही काळ तगते. पण पांढर ही मातीची असते. पाणी चढते, उतरते, तिचे काठ ढासळतात, थर मिसळतात. भोनसारखी जागा एकदा बुडाली की उन्हाळ्यात दर्शन द्यायला वर येणार नाही.

आपला कायदा या बाबतीत काय म्हणतो? १९५८ च्या केंद्रीय कायद्याने आणि १९६० च्या राज्याच्या कायद्याने स्मारके संरक्षित होतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. पण हे सारे कोणासाठी? ज्या जागेचे नाव यादीत आहे तिच्यासाठी. जी जागा अजून कोणी ओळखलेलीच नाही, तिचे काय? पर्यावरण परवानगीच्या २००६ च्या अधिसूचनेतल्या अर्जातही सांस्कृतिक मूल्यासाठी संरक्षित असलेल्या क्षेत्रांची चौकशी आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम तपासताना प्रार्थनास्थळे आणि स्मशानभूमी विचारात घ्याव्या लागतात. ओसाड पांढरीचे नाव मात्र तिथे नाही. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाआधी पुरातत्त्वीय पाहणी झालीच पाहिजे, असा सरसकट नियम आपल्याकडे नाही.

युरोपातल्या देशांनी १९९२ साली माल्टा बेटावर याविषयी करार केला. बांधकामाचे नियोजन करतानाच पुरातत्त्वाचा विचार करायचा आणि पाहणीचा खर्च प्रकल्पाच्या खर्चात धरायचा, हे त्याचे सार. फ्रान्सने २००१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

ही पाहणी म्हणजे काय? ते काम वाटते तितके अवघड नाही. आधी कागद पाहायचे. मोजणीचे नकाशे, जुने गॅझेटिअर, महसुली नोंदी. आपल्याकडे उजाड गावांची नावे कागदोपत्री पिढ्यान्पिढ्या टिकून राहतात. विदर्भात कुठे ‘रिठी’ असा शब्द दिसला, की तिथे कधी काळी गाव होते असे समजावे. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचे. पांढर कुठे आहे, नांगराला विटा कुठे लागतात, खापरे कुठे निघतात, हे गुराख्याला जितके ठाऊक असते तितके कोणत्याही कार्यालयाला नसते.

त्यानंतर प्रत्यक्ष चालायचे. चारपाच जणांनी ठरावीक अंतर ठेवून शेत ओलांडायचे आणि वर पडलेली खापरे पाहायची. तांबडी, काळी, काळी-तांबडी, झिलईची अशा खापरांवरून जाणकाराला काळाचा अंदाज येतो. जागा नकाशावर टिपायची. जिथे शंका येईल तिथे लहानसा चाचणी खड्डा घेऊन थर पाहायचे. शेवटी जागांची प्रतवारी लावायची. काही जागांची नोंद आणि छायाचित्रे पुरतात, काहींचे उत्खनन करावे लागते. एखादी जागा इतकी मोलाची निघते, की तिच्यासाठी कालव्याची रेघ थोडी सरकवावी, बांध घालावा किंवा वास्तू हलवावी. उत्खनन हा शेवटचा उपाय आहे, कारण खणलेला थर परत रचता येत नाही.

इथे नेहमी एक आक्षेप येतो, की याने प्रकल्प लांबतील. जिगावचेच पाहा. त्याचा मूळ अंदाज चारशे कोटींच्या आतला होता. पुढे तो हजारो कोटींवर गेला आणि काम तीन दशके रेंगाळले. यात पुरातत्त्वाचा दोष नाही. उलट, बुडीत क्षेत्राच्या पातळीचे दगड रोवले गेले, त्याच हंगामात खोऱ्यातल्या सगळ्या पांढरी पाहून घेतल्या असत्या, तर तीस वर्षे शांतपणे उत्खनन करायला मिळाली असती. अलीकडे स्तूप वाचवा अशी मागणी जोर धरू लागली, ती योग्यच आहे. पण भिंत उभी राहिल्यावर केलेली मागणी सगळ्यांनाच महाग पडते. आराखडा कागदावर असताना रेघ सरकवायला खोडरबर पुरतो.

वेळेवर जाणकार हजर असला तर काय होते, हे आपल्याच जिल्ह्यात २०२४ साली दिसले. सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांच्या समाधीच्या परिसरात संवर्धनाचे काम चालू होते. खोदताना पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाला जुन्या मंदिराचे अवशेष लागले आणि पुढे शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती निघाली. ती आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत नोंदली गेली. त्या ठिकाणी नुसते खोदाईचे यंत्र असते, तर काय हाती आले असते, याची कल्पना करा.

श्रोतेहो, आपण सामान्य माणसे काय करू शकतो, एवढे सांगून थांबतो. गावात तलाव, रस्ता, कालवा किंवा मोठी इमारत होणार असे कळले, की ग्रामसभेत एक प्रश्न विचारा: या जागेत पांढर आहे का, आणि ती कोणी पाहिली आहे का? पांढरीची माती यंत्राने उपसली जात असेल तर तहसीलदारांना आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. मणी, नाणे, मूर्ती सापडली तर जागेवरच छायाचित्र घ्या आणि खोली लिहून ठेवा. जमिनीत सापडलेल्या मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असा १८७८ सालापासून कायदाच आहे. शिक्षकांनी मुलांकडून गावाच्या जुन्या जागांची एक वही करून घ्यावी. त्यात पांढरीइतकीच, उठून जाणाऱ्या आजच्या गावाचीही नोंद असावी. कोणाचे घर कुठे होते, पार कुठे होता, पाणवठा कुठे होता.

त्या शेतकऱ्याकडे मी पुढच्या वेळी गेलो तो अशीच एक कोरी वही घेऊन. त्याने आधी स्वतःच्या घराची जागा काढून दाखवली. मग पेन्सिल हातात ठेवूनच म्हणाला, “गुरुजी, आमच्या वावरातबी खापरं निंगते. तेबी लिवा.”