मालमोटारीचा आगगाडीतून प्रवास

मालमोटार रस्त्यावरून धावते आणि आगगाडी रुळांवरून, हे तुम्हाला माहीत आहेच. पण मालमोटारच आगगाडीवर बसून निघाली तर? कोकण रेल्वेवर १९९९ सालापासून हे घडते आहे. रायगड जिल्ह्यातील कोलाड येथे मालाने भरलेल्या मोटारी एकामागोमाग सपाट वाघिणींवर चढतात, त्यांची चाके जखडली जातात आणि गाडी गोव्यातील वेर्ण्याकडे निघते. चालक आपल्या मोटारीतच असतो. या सेवेला ‘रो-रो’ म्हणतात.

तुम्ही विचाराल, जिला स्वतःची चाके आहेत तिला दुसऱ्याच्या पाठीवर बसविण्यात फायदा कोणता?

टायर रस्त्याला टेकतो तेथे दबतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणूनच लांबून आलेल्या गाडीचे टायर गरम लागतात. पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही. चाक लोळताना होणाऱ्या या विरोधाला लोटन घर्षण म्हणतात. ढोबळमानाने ते रस्त्यावर वजनाच्या हजारात सात भाग, तर रुळावर हजारात दीड भाग असते.

आता हिशेब करू. मालासह २० टनांच्या मोटारीचे वजन सुमारे २ लाख न्यूटन. रस्त्यावर विरोध झाला १,४०० न्यूटन. रेल्वेत वाघिणीचेही सुमारे २० टन धरले पाहिजेत. तरीही ४ लाख न्यूटनवर विरोध होतो फक्त ६०० न्यूटन!

१०० किलोमीटरसाठी रस्त्यावर १४ कोटी ज्यूल कार्य करावे लागते. इंजिनात जळणाऱ्या एक लिटर डिझेलपासून चाकांना सुमारे १.४ कोटी ज्यूल मिळतात. म्हणजे केवळ या घर्षणापायी १० लिटर डिझेल आणि सुमारे २७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड. रेल्वेला ६ कोटी ज्यूल, म्हणजे सुमारे १७ युनिट वीज पुरते. वाटेतली गळती धरून २१ युनिट म्हणू. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले. आपल्याकडे बरीच वीज अजून कोळशापासून होते, त्यामुळे एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम वायू सुटतो. तरी बेरीज १५ किलोच्या आतच राहते. सूर्य आणि वारा यांपासून मिळणारी वीज वाढेल तशी ती आणखी घटेल. हवेचा विरोध आणि घाटांची चढण आपण येथे सोडून दिली आहे.

पण मालवाहतुकीत इंधनाची बचत हा एकच हिशेब नसतो. औषधे, भाजीपाला, गॅसच्या टाक्या वेळेवर पोचल्याच पाहिजेत. १४ जुलै २०२४ रोजी खेडजवळ दिवाणखवटी येथे दरड कोसळून कोकण रेल्वे सुमारे एक दिवस बंद पडली. अशा वेळी कोलाडला थांबलेली मोटार सरळ महामार्गाने जाऊ शकते. वाघिणीत सुट्या भरलेल्या मालाला ही सोय नाही. मोटारीचे जादा वजन वाहून आपण हा पर्याय विकत घेतो.

समजा, रस्ता आणि रेल्वे प्रत्येकी शंभरातून एक दिवस बंद असतात. कारणे वेगवेगळी असतील, तर दोन्ही एकाच दिवशी बंद पडण्याची शक्यता दहा हजारात एक, म्हणजे सुमारे २७ वर्षांतून एक दिवस! मात्र कारण एकच असेल तर हा गुणाकार लागू पडत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा रेल्वे आणि महामार्ग दोन्ही एकदमच अडले. एकाच नदीच्या तडाख्यात सापडणारे दोन मार्ग संकटकाळी एकच ठरतात. म्हणून भक्कम पूल, दरडींना आवर आणि पावसाळ्यापूर्वी गावोगावच्या गोदामांत साठा, हेही हवेच.

या दोन हिशेबांचा परस्परांशी संबंध आहे. हवा १ अंश सेल्सिअसने तापली, की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प सामावू शकते. साहजिकच मोठ्या सरी आणखी मोठ्या होतात. तेव्हा धूर कमी करणे हे वाट मोकळी ठेवण्याचेही काम आहे.

तुमच्या गावात माल कोणकोणत्या मार्गांनी येतो, याची यादी करा. मग मार्गांच्या प्रत्येक जोडीपुढे एक प्रश्न लिहा: हे दोन्ही एकाच कारणाने बंद पडतील काय?