चिकित्सक वाचन : लोणारच्या सरोवराचा धडा

शाळेतून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याच्या अंगी एक समजूत खोल मुरलेली असते : जे छापलेले, ते खरे. शाळेत पुस्तक एक, उत्तर एक आणि गुणही त्या उत्तरालाच. तेथे ही समजूत त्याला तारते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मात्र एकाच विषयावरची चार पुस्तके चार निरनिराळ्या गोष्टी सांगू लागतात आणि तो गोंधळून जातो. मग एक तर प्रथम हाती आलेल्या पुस्तकावर तो विसंबतो, नाही तर ‘तज्ज्ञांतच एकमत नाही’ असे म्हणून सर्वांनाच अविश्वसनीय ठरवितो. अंधविश्वास आणि सरसकट अविश्वास या दोन्ही आळसाच्याच जाती होत. चिकित्सक वाचन त्यांहून वेगळे आहे. लिहिलेले विधान कशाच्या आधारावर उभे आहे, हे पाहणे एवढाच त्याचा अर्थ.

हे पाहावयाचे कसे, हे समजण्यास बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे एक उत्तम उदाहरण आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ वर्तुळाकार आणि सुमारे १५० मीटर खोल असा हा खळगा असून त्याच्या तळाशी खारे पाणी आहे. खळगा एकच, परंतु त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांनी शतकानुशतके निरनिराळे लिहिले.

लवणासुर नावाचा दैत्य येथे राहत असे व विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याचा वध केला, अशी पुराणकथा आहे. लोणार गावातील दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर त्या कथेची स्मृती जपून आहे. अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख केला, तो काच आणि साबण करण्यास उपयोगी पडणारे पदार्थ येथे मिळतात म्हणून. दोघांचेही लक्ष पाण्यातील क्षाराकडेच गेले. पण कथाकाराला त्या खारेपणाचे कारण सांगावयाचे होते, तर राज्याची मोजदाद करणाऱ्याला त्याचा उपयोग. विवर कसे झाले, या भूशास्त्राच्या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोणीही देऊ पाहत नव्हता. तेव्हा वाचकाचा पहिला प्रश्न हा की, लेखक कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे?

दुसरा प्रश्न असा : यात पाहिलेले कोणते आणि ताडलेले कोणते? १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीमुळे झाले असे मानले जाई. विवर वाटोळे आहे आणि भोवतालचा खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनला आहे, या दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहिलेल्या. ‘म्हणून विवरही ज्वालामुखीचेच’ हे मात्र अनुमान. तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. विवर त्या मानाने अगदी अलीकडचे. तेव्हा खडकाचे कारण तेच विवराचे कारण, असे मानण्यास आधार नव्हता. ‘म्हणून’ हा शब्द आला की वाचणाऱ्याने थांबावे, ते एवढ्यासाठी.

परंतु चूक केवळ घाईनेच होते असे नाही. अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील अशाच एका विवराची कसून तपासणी केली होती. अशनी आदळून ते झाले असेल, तर लोखंडाचा तो प्रचंड गोळा तळाशी गाडलेला असणार आणि होकायंत्राची सुई विचलित होणार, असा त्यांचा तर्क. सुई हलली नाही. तेव्हा हा वाफेचा स्फोट होय, असा निष्कर्ष त्यांनी १८९६ साली मांडला आणि लोणारचे साम्यही नोंदविले. मोजमापात उणीव नव्हती. उणीव न बोललेल्या गृहीतात होती. इतक्या वेगाने आदळणारा अशनी बहुतांशी वितळून, वाफ होऊन विखरून जातो. तो गाडला जाईलच असे नाही. १९६० साली त्या विवरात प्रचंड दाबाशिवाय न बनणारे कोएसाइट हे खनिज सापडले आणि आघाताचा पक्ष बळकट झाला. लोणारच्या तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या नमुन्यांतही आघाताच्या दाबाने बनणारी मास्केलिनाइट ही काच मिळाली आणि १९७३ साली हे विवर आघातजन्य असल्याचे पुरावे प्रसिद्ध झाले. म्हणून तिसरा प्रश्न : लेखकाने न सांगता काय धरून चालले आहे?

चौथा प्रश्न आकड्यांविषयीचा. लोणारचे वय किती? कित्येक ठिकाणी ५२ हजार वर्षे असे छापलेले आढळते, तर काही ठिकाणी ५ लाख ७० हजार. पहिला आकडा १९९७ सालचा, तापदीप्तीच्या पद्धतीने काढलेला, ६ हजार वर्षे मागेपुढे धरून. दुसरा २०११ सालचा, आरगॉन वायूच्या मोजणीने काढलेला, ४७ हजार वर्षे मागेपुढे धरून. या मर्यादा एकमेकींना शिवतही नाहीत. तेव्हा सरासरी काढून सुटका नाही. काचेत साठलेली दीप्ती काळाने क्षीण झाली, तर पहिली पद्धत वय कमी दाखविते. मूळ खडकातील जुना आरगॉन काचेत उरला, तर दुसरी ते जास्त दाखविते. हे ध्यानी घेऊन दोन्ही लेखांत त्या त्या चुकीचा बंदोबस्त कसा केला आहे, हे जो पाहील, त्यालाच अलीकडच्या अभ्यासकांचा कल दुसऱ्या आकड्याकडे का, हे उमगेल. आणि पन्नास पुस्तकांनी एकच आकडा एकाच लेखावरून उचलला असेल, तर ते पन्नास साक्षीदार नव्हेत; साक्षीदार एकच.

मराठी वाचकाला या कामी क्रियापदांचे मोठे साहाय्य आहे. ‘आहे’, ‘असावे’, ‘असू शकेल’, ‘म्हणतात’ या चार रूपांत खात्रीच्या चार पायऱ्या आहेत. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा हा शैवालाचा परिणाम असावा, असे प्रथम सांगण्यात आले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य हे कारण दाखविले. आरंभीचे ‘असावे’ अप्रामाणिक नव्हते. पण ते तोंडोतोंडी ‘आहे’ होऊन पसरले, हा दोष वाचणाऱ्यांचा.

हे वळण केवळ वाचून लागत नाही. विद्यार्थ्याने वहीचे पान उभे दुमडावे. डावीकडे लेखकाचे विधान आणि उजवीकडे त्याचा आधार लिहावा. उजवीकडची जागा रिकामी राहिली, तर विधान खोटे ठरत नाही. ते अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे, इतकेच. एका लेखास मग एका संध्याकाळऐवजी तीन लागतील. परीक्षेच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा वाटेल. परंतु परीक्षा संपल्यावरही औषधाची जाहिरात, निवडणुकीचा जाहीरनामा आणि कर्जाचा करार ही आयुष्यभर वाचावी लागतात. तेथे चुकीच्या वाचनाचे गुण कापले जात नाहीत; त्याची किंमत घरच्या माणसांना मोजावी लागते.