शिक्षकांशी करार का होत नाही?

माझा धाकटा दीर चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत पर्मनंट आहे. दर तीन वर्षांनी तिथं करार होतो. युनियन मागणीपत्र देते, चर्चा महिनोन्‌महिने चालते, गेट मीटिंगला आकडा कळतो आणि सह्या झाल्या की आमच्या घरी पेढे येतात. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त युनियनला वाटाघाटीचा हा हक्क १९७१च्या कायद्यानं दिला.

मी खेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याशी असा करार कोणी करत नाही. गोव्यातल्या ए. सुंदरांबल या शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली सांगितलं, की शाळा 'उद्योग' असली तरी शिक्षक 'कामगार' नाहीत. पुढे २००३मध्ये, तामिळनाडूनं लाखाहून अधिक संपकऱ्यांना कामावरून काढलं त्या प्रकरणात, सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा हक्कच नाही असा निकाल आला. संप करायचा नाही. मग बोलायचं कुठं, याचं उत्तर कोणी दिलं नाही.

१ नोव्हेंबर २००५पासून नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. त्यात मीही आले. पगारातून १० टक्के कापले जातात, ते बाजारात गुंतवले जातात. म्हातारपणी हातात किती येईल, याची हमी नव्हती. निवेदनं झाली, मोर्चे झाले. शेवटी १४ मार्च २०२३ला राज्यभर संप सुरू झाला. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत मीही बसले होते.

आणि ऐन दहावी-बारावीच्या परीक्षांत शाळा बंद पडल्या. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं ठेकेदारी कामगारांची. मराठवाड्यातून, बिहारमधून आलेली ही माणसं. त्यांच्या वाट्याला दिराच्या कंपनीतला करारही येत नाही. आई-बाप शिफ्टला गेले की मुलांचं दुपारचं जेवण म्हणजे शाळेची खिचडी. "बाई, शाळा कधी भरणार?" असं एका आईनं मला बाजारात विचारलं. अर्जेंटिनातल्या एका अभ्यासात दिसलं, की प्राथमिक शाळेत असताना शिक्षकांच्या संपांत सरासरी ८८ दिवस गमावलेल्या मुलांची मोठेपणीची कमाई पुरुषांत ३.२ टक्के आणि स्त्रियांत १.९ टक्के घटली. आमचा संप सात दिवसांत मिटला. तरी सगळ्यात जास्त झळ ज्यांच्या घरी बसली, त्यांचा आमच्या पेन्शनशी काहीच संबंध नव्हता.

२० मार्चला, पेन्शनचा विचार करायला सरकारनं नेमलेल्या समितीच्या भरवशावर, संप मागे घेतला. ऑगस्ट २०२४मध्ये राज्यानं केंद्राची एकीकृत पेन्शन योजना स्वीकारली: २५ वर्षं सेवा झाली, तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन. ही तडजोड समोरासमोर बसून, शाळा सुरू ठेवून, कितीतरी आधी होऊ शकली असती.

मला कायद्यानं बांधलेलं वाटाघाटी मंडळ हवं आहे: चर्चेला ठरलेली मुदत, आणि बोलणी फिसकटली तर सरकारवरही बंधनकारक असलेला लवादाचा निवाडा. ते मिळालं, तर शाळा सुरू असताना संप करणार नाही असं मी आजच लिहून देईन.