सार्वजनिक सेवांचे खाजगीकरण : एसटीच्या उदाहरणातून



खाजगीकरण झाले की सेवा सुधारते, असे आपण सर्रास ऐकतो. हा विषय मुलांना समजावताना एसटीचे उदाहरण सोपे पडते.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तिचा हिशोब साधा आहे : गर्दीच्या मार्गावर कमवायचे अन् त्यातून खेड्यांच्या तोट्यातल्या फेऱ्या चालवायच्या. खाजगी ट्रॅव्हल्सवाला पुण्या-मुंबईला गाडी सोडतो. चुडाव्याच्या आसपासच्या खेड्यात शाळेच्या वेळेला तो कशाला येईल? त्यात त्याचा दोष नाही, तो त्याचा धंदा आहे. पण नफ्याचे मार्ग त्याच्याकडे गेले, तर तोट्याच्या फेऱ्यांना पैसा कुठून येणार?

एसटीच्या पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत पास मोफत मिळतो. गाडी बंद पडली, तर आधी मुलीचीच शाळा सुटते.

एसटीत अडचणी नाहीत का? आहेतच. जुन्या गाड्या, रद्द फेऱ्या, तोटा. पण खाजगी कंपनी आली की सगळे सुरळीत होते, असेही नाही. औरंगाबाद शहराचे वीज वितरण २०११ मध्ये जीटीएल कंपनीकडे दिले होते. थकबाकीमुळे २०१४ मध्ये महावितरणने ते परत घेतले.

म्हणून एसटी विकण्यापेक्षा तिला नव्या गाड्या, पुरेसे कर्मचारी आणि सवलतींचे पैसे वेळेवर द्यायला हवेत.

वर्गासाठी प्रश्न : आपल्या गावची एसटी बंद झाली, तर कोणाकोणाचे काय अडेल? यादी करा.